झाकली मूठ : व्हित्तोरिओ दे सिकाचा सिनेमा

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात काय शिजतं, किती शिजतं, हे चारचौघांना कळू नये म्हणून माणसं किती धडपडतात, ते या एका म्हणीत आलं आहे. पाहुणा पुढच्या दारात आला की मागच्या दाराने शेजारी वाटी जाते, साखर येते, आणि पाहुण्याला चहा गोडच मिळतो. पण अशा घरातली मूठ एखाद्या दिवशी उघडावीच लागली तर? इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका याचे सर्वांत चांगले चित्रपट या प्रश्नाभोवती फिरतात, असं मला वाटतं.

सिनेमाच्या इतिहासात दे सिकाचं नाव ‘नववास्तववाद’ या प्रकरणात येतं. दुसऱ्या महायुद्धानंतरची इटली, बेकारी, पडकी शहरं, स्टुडिओऐवजी खरे रस्ते, नटांऐवजी खरी माणसं, आणि ‘बायसिकल थीव्ह्ज’. प्रश्नपत्रिकेतल्या टीपेला एवढं पुरतं. पण ‘गरिबीवरचे चित्रपट’ एवढीच चिठ्ठी त्यांच्यावर चिकटवली तर मुख्य गोष्ट निसटते. गरिबी दाखवणारे चित्रपट पुष्कळ आहेत. दे सिकाने दाखवली ती गरिबीबरोबर येणारी लाज. आणि ती लाज कोणीतरी पाहत असतं, बहुतेक वेळा घरातलंच एखादं लहान मूल.

कारकुनाचा मुलगा

दे सिकाचा जन्म ७ जुलै १९०१ चा. गाव सोरा, रोम आणि नेपल्स यांच्या मधलं. आई तेरेसा नेपल्सची. वडिलांचं नाव उंबेर्तो. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे. वडील कारकुनी पेशातले. नोकरीपायी कुटुंब नेपल्स, फ्लॉरेन्स असं फिरत शेवटी रोमला आलं. पगार तुटपुंजा, राहणी मात्र नीटनेटकी. पुढे मोठेपणी दे सिका आपल्या घरच्या गरिबीचं वर्णन ‘खानदानी गरिबी’ अशा अर्थाच्या शब्दांत करत असे. कपडे इस्त्रीचे, बोलणं अदबीचं, आणि महिन्याचा शेवटचा आठवडा कसा काढला ते फक्त घरातल्यांना ठाऊक. पांढरपेशा मराठी घरांना हे चित्र काही नवीन नाही.

मुलाने हिशेबनिसाचं शिक्षण घेतलं. पण वडिलांनाच नाटक-सिनेमाची हौस, आणि मुलगा देखणा. १९१७ साली, शाळकरी वयातच, तो एका मूकपटात छोट्याशा भूमिकेत दिसला. १९२३ मध्ये तो तात्याना पाव्लोव्हा या रशियन अभिनेत्रीच्या नाटक कंपनीत दाखल झाला आणि हिशेबाच्या वह्या कायमच्या सुटल्या. १९३२ साली मारिओ कामेरीनी या दिग्दर्शकाने त्याला एका हलक्याफुलक्या चित्रपटात नायक केलं. चित्रपटाच्या नावाचा अर्थ साधारण ‘पुरुष म्हणजे काय बदमाश!’ असा. त्यात दे सिका मिलानमधला एक ड्रायव्हर झाला होता, गाणंही गायला होता. ते गाणं इटलीभर गाजलं आणि एका रात्रीत तो स्टार झाला.

म्हणजे ज्या माणसाने पुढे जगातले सर्वांत साधे, सर्वांत उदास चित्रपट काढले, तो मुळात गोड गळ्याचा, गोड हसणारा रोमँटिक नायक होता. हे विसरून चालणार नाही. आयुष्यभर तो दीडशेच्या वर चित्रपटांत अभिनेता म्हणून दिसला. लोकांना आवडेल असं काम करून पैसा मिळवायचा, आणि तो पैसा लोकांना आवडेलच याची खात्री नसलेल्या चित्रपटांत घालायचा, असा त्याचा संसार होता.

मुलं पाहत आहेत

१९४० पासून तो दिग्दर्शन करू लागला. पहिले चित्रपट विनोदी, प्रेमाबिमाचे. मग त्याची जोडी जमली ती चेझारे झावात्तीनी या लेखकाशी. झावात्तीनी १९०२ चा, एमिलिया भागातल्या लुझ्झारा गावचा. पत्रकार, कथाकार, चित्रकार, आणि डोक्यात सतत नव्या कल्पना. एखाद्या साध्या माणसाच्या मागे मागे चालत राहावं, त्याच्या आयुष्यात काही विशेष घडत नसलं तरी, आणि त्यातून सिनेमा व्हावा, असं त्याचं म्हणणं. दोघांनी मिळून वीसहून अधिक चित्रपट केले. विचार झावात्तीनीचा आणि माणसांची नाडी दे सिकाची, असं या जोडीबद्दल ढोबळमानाने म्हणता येईल.

या जोडीचं पहिलं महत्त्वाचं काम युद्धाच्या काळातलं. नाव ‘इ बांबीनी ची ग्वार्दानो’, म्हणजे ‘मुलं आपल्याकडे पाहत आहेत’. प्रिको नावाचा एक लहान मुलगा. त्याची आई दुसऱ्या पुरुषाबरोबर निघून जाते, परत येते, पुन्हा जाते. वडील मोडून पडतात. मोठ्यांना वाटतं, पोराला काय कळतंय. पोराला सगळं कळत असतं. शेवटी वडील त्याला निवासी शाळेत ठेवून आत्महत्या करतात. आई त्याला भेटायला येते, तेव्हा तो तिच्याकडे पाठ फिरवून त्या लांबलचक दालनातून एकटाच चालत जातो. कोणीही त्याला काही समजावत नाही, कारण समजावण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

मुसोलिनीच्या राजवटीत कुटुंबसंस्थेचे गोडवे गाणं हे जवळजवळ सरकारी धोरण होतं. त्या काळात एका सुखवस्तू घराचं असं विघटन दाखवणं ही लहान गोष्ट नव्हती.

बॅसिलिकेतले दिवस

१९४३ च्या सप्टेंबरमध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि जर्मन सैन्याने रोमचा ताबा घेतला. मुसोलिनीच्या उरल्यासुरल्या सरकारने आपला चित्रपट उद्योग उत्तरेला व्हेनिसला हलवायचं ठरवलं आणि नावाजलेल्या कलावंतांना तिकडे बोलावणं धाडलं. दे सिकाला जायचं नव्हतं, पण नुसतं ‘नाही’ म्हणणं धोक्याचं होतं. अशा वेळी एका कॅथलिक चित्रपटसंस्थेने त्याच्यापुढे काम ठेवलं. लोरेतोच्या मातामरियेच्या तीर्थाला आजाऱ्यांना घेऊन जाणाऱ्या आगगाडीची गोष्ट. चित्रपटाचं नाव ‘ला पोर्ता देल चिएलो’, म्हणजे ‘स्वर्गाचं दार’. व्हॅटिकनशी संबंधित काम हातात असल्यावर व्हेनिसला न जाण्याचं कारण आपोआप मिळालं.

चित्रीकरणाचा काही भाग रोमच्या वेशीबाहेरच्या संत पौलाच्या बॅसिलिकेत झाला. ही जागा व्हॅटिकनच्या अखत्यारीतली. जमावाच्या दृश्यांसाठी माणसं हवीत या निमित्ताने शेकडो लोकांना तिथे आसरा मिळाला, त्यात ज्यू होते, सक्तीच्या भरतीपासून लपलेले तरुण होते. काम जितकं लांबेल तितकं बरं, म्हणून ते लांबवत नेलं गेलं. ४ जून १९४४ ला दोस्त सैन्य रोममध्ये शिरलं. हा चित्रपट दे सिकाच्या उत्तम चित्रपटांत गणला जात नाही, आणि फारसा कोणी पाहिलेलाही नसतो. पण एका चित्रपटाने इतक्या माणसांच्या डोक्यावर छप्पर धरलं, हे त्याच्या समीक्षेत कुठे मांडायचं ते आपणच ठरवावं.

बूटपॉलिशवाली पोरं

युद्ध संपलं. रोमच्या रस्त्यांवर अमेरिकन सैनिक, आणि त्यांच्या पायाशी बूटपॉलिशच्या पेट्या घेऊन बसलेली पोरं. ‘शू शाइन’ या इंग्रजी शब्दांचं त्या पोरांनी आपल्या जिभेला पेलेल असं करून टाकलं, ‘शुशा’. तेच १९४६ च्या चित्रपटाचं नाव. पास्क्वाले आणि ज्युसेप्पे हे दोन जिवलग दोस्त पै पै साठवून एक पांढरा घोडा विकत घेतात. त्या पैशांसाठी मोठ्यांच्या काळ्या बाजारात अडकतात आणि बालसुधारगृहाच्या नावाखाली तुरुंगात जातात. तिथले अधिकारी पास्क्वालेला ऐकू जाईल अशा बेताने शेजारच्या खोलीत कोणाला तरी मारल्याचा देखावा करतात. आपला दोस्त मार खातोय असं वाटून तो सगळं सांगून टाकतो. खरं म्हणजे फटके एका पोत्यावर पडत असतात. दोस्ताला वाचवायला उघडलेलं तोंड दोस्ताच्या लेखी फितुरी ठरतं, आणि गोष्ट एका पुलावर भयंकर शेवटाला पोचते.

इटलीत हा चित्रपट चालला नाही. अमेरिकेत मात्र त्याला विशेष ऑस्कर मिळालं. परभाषिक चित्रपटांसाठी ऑस्करचा वेगळा नियमित विभाग तेव्हा नव्हताच.

सायकलचोर, अनेकवचनी

मग १९४८ साली आला ‘लाद्री दि बिचिक्लेत्ते’. गोष्ट एका ओळीची आहे. बेकार आंतोनियो रिच्चीला भिंतींवर पोस्टर चिकटवायची नोकरी मिळते, अट एकच, सायकल हवी. सायकल गहाण पडलेली. बायको मारिया अंथरुणावरच्या चादरी काढते, धुते आणि गहाण टाकून सायकल सोडवून आणते. पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. मग आंतोनियो आणि त्याचा लहानगा मुलगा ब्रुनो रोमभर ती शोधत फिरतात.

गहाणवटीच्या कचेरीतलं एक दृश्य पाहाच. मारियाने दिलेल्या चादरींचं गाठोडं घेऊन तिथला माणूस मांडणीवर चढू लागतो. चढतो, चढतो, आणि कॅमेरा त्याच्याबरोबर वर जातो तेव्हा छतापर्यंत रचलेली गाठोडीच गाठोडी दिसतात. एका शहरातली किती माणसं चादरीविना झोपत असतील, हे कोणीही तोंडाने बोलत नाही.

मूळ कादंबरी लुईजी बार्तोलीनी याची. तिचा नायक एक चित्रकार, बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी. त्याच्याकडे दुसरी सायकल असते आणि तिच्यावर बसून तो चोरीला गेलेली शोधतो. झावात्तीनी आणि दे सिका यांनी ही दुसरी सायकल काढून टाकली आणि जागी एक मुलगा दिला. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी माध्यमांतराचा हा धडा गिरवण्यासारखा आहे. एक वस्तू वजा केली, एक साक्षीदार मिळवला, आणि विक्षिप्त माणसाच्या भटकंतीची सगळ्यांची शोकांतिका झाली.

शेवटाकडे आंतोनियो हताश होतो. फुटबॉलच्या मैदानाबाहेर शेकडो सायकली उभ्या आहेत. एका दाराशी एक सायकल एकटीच टेकून ठेवलेली. तो ब्रुनोला पैसे देतो आणि ट्रॅमने पुढे जायला सांगतो. का? चोरी करायला अडचण नको म्हणून नाही. मुलाने पाहू नये म्हणून. पण ब्रुनोची ट्रॅम चुकते. बाप सायकल उचलतो, लोक धावतात, पकडतात, टोपी उडवतात, थोबाडीत मारतात, आणि ते सगळं ब्रुनो पाहतो. सायकलचा मालक त्या रडणाऱ्या मुलाकडे बघतो आणि बापाला सोडून देतो. म्हणजे मुलानेच बापाला वाचवलं, आणि बापाला सर्वांत जास्त लाजही त्या मुलाचीच. दोघं गर्दीतून चालू लागतात. आंतोनियोच्या डोळ्यांत पाणी. ब्रुनो काही बोलत नाही, फक्त त्याचा हात धरतो.

चित्रपटाचं अमेरिकेत रूढ झालेलं नाव एकवचनी होतं, ‘द बायसिकल थीफ’. इटालियन नाव अनेकवचनी आहे. एक चोर सायकल चोरून पळाला तो, आणि दुसरा? हा अनुस्वाराएवढा फरक ज्याच्या ध्यानात येईल त्याला चित्रपट समजला.

आंतोनियोचं काम करणारा लांबेर्तो माज्जोरानी हा खरोखरच कारखान्यातला कामगार होता. हॉलिवूडचा निर्माता डेव्हिड सेल्झनिक पैसा द्यायला तयार होता, अट अशी की नायक कॅरी ग्रँट हवा. दे सिकाने ते नाकारलं आणि इटलीतच पैसा उभा केला. ब्रुनो झालेला एन्झो स्तायोला त्याला रस्त्यावर भेटला. तरी हे सगळं ‘कॅमेरा घेतला आणि रस्त्यावर गेलो’ असं सहज झालं, असा समज करून घेऊ नये. बाजारातली गर्दी भाड्याने आणली होती, पाऊस अग्निशामक दलाच्या बंबांनी पाडला होता. ज्यांनी कधी अभिनय केला नाही त्यांना दे सिका प्रत्येक हावभाव स्वतः करून दाखवायचा. साधेपणा साधायला तो जुना कसलेला नट कामी आला.

आणि माज्जोरानीचं काय झालं? तो कारखान्यात परत गेला, पण पुढे कामगारकपातीत त्याची नोकरी गेली. नंतर त्याला किरकोळ भूमिका मिळत राहिल्या. जगाने ज्याच्या बेकारीवर अश्रू ढाळले तो खरोखर बेकार झाला, तेव्हा पडद्याबाहेर त्याचा हात धरायला ब्रुनो नव्हता.

वाकडा झालेला तळहात

१९५१ मध्ये ‘मिराकोलो आ मिलानो’ या परीकथेत दे सिकाने झोपडपट्टीतल्या माणसांना मिलानच्या कॅथेड्रलवरून झाडूवर बसवून आकाशात उडवून लावलं. कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. पण त्याच्या स्वतःच्या मनाच्या सर्वांत जवळचा चित्रपट त्यानंतरचा, ‘उंबेर्तो दी’. १९५२ चा. तो त्याने आपल्या वडिलांना अर्पण केला, आणि नायकाला त्यांचंच नाव दिलं.

उंबेर्तो दोमेनिको फेर्रारी हा निवृत्त सरकारी नोकर. पेन्शन पुरत नाही. खोलीचं भाडं थकलंय. घरमालकीण त्याला हाकलायला टपलेली. त्याच्याजवळ माणूस म्हणावं असं कोणी नाही. आहे तो फ्लाइक नावाचा कुत्रा, आणि घरकाम करणारी मारिया ही पोर, जी लग्नाआधीच गरोदर आहे. उंबेर्तो घड्याळ विकतो, पुस्तकं विकतो. धर्मादाय इस्पितळात चार दिवस जास्त काढता यावेत, तेवढंच जेवण सुटेल, म्हणून शेजारच्या रुग्णाच्या सल्ल्याने तो तिथल्या सिस्टरकडे जपमाळ मागतो. हे दृश्य पाहून आपण हसतो, आणि हसून झाल्यावर वाईट वाटतं.

मग ती जागा येते. उंबेर्तो पँथिऑनजवळ उभा आहे. भीक मागायची, असं मनाशी ठरवून आलाय. आधी हात पुढे करून बघतो, सराव केल्यासारखा. एक गृहस्थ जवळून जातो. उंबेर्तोचा तळहात उघडतो. गृहस्थ थांबतो, खिशात हात घालतो, आणि तेवढ्यात उंबेर्तो हात पालथा करतो. पाऊस पडतोय का ते बघत होतो, असा आव आणून. मग तो आपली हॅट फ्लाइकच्या तोंडात देतो आणि स्वतः खांबाआड उभा राहतो. इतक्यात ओळखीचा एक साहेब येतो, कुत्र्याला ओळखतो. उंबेर्तो घाईने पुढे येऊन हसतो, कुत्रा खेळतोय, दुसरं काही नाही.

झाकली मूठ म्हणतात ती हीच. उघडायची वेळ आली आणि माणसाला ती उघडता येईना. भाषणाची पानंच्या पानं जे सांगू शकणार नाहीत ते एक मनगट वळवून सांगितलं आहे.

उंबेर्तोचं काम केलं कार्लो बात्तिस्ती यांनी. ते नट नव्हते, फ्लॉरेन्स विद्यापीठातले भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. इटालियन भाषेच्या एका मोठ्या व्युत्पत्तिकोशाचे ते सहसंपादक. वय सत्तरीला टेकलेलं. शब्दांच्या मुळांशी आयुष्य घालवलेल्या माणसाकडून दे सिकाने जवळजवळ शब्दांवाचून काम करून घेतलं.

मंत्र्याचं पत्र

‘उंबेर्तो दी’ इटलीत सपाटून पडला. आणि त्याच सुमारास एक उघडं पत्र छापून आलं. लिहिणारे होते जुलिओ आंद्रेओत्ती. ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षाचे तरुण नेते, सरकारात चित्रपटखातं त्यांच्याकडे. पुढे ते सात वेळा सरकारचे प्रमुख झाले. त्यांच्या पत्राचा आशय असा : विसाव्या शतकाच्या मध्यावरची इटली म्हणजे उंबेर्तोची इटली असा जगाचा समज झाला, तर दे सिकाने देशाची वाईट सेवा केली असं होईल. हा देश दोन बॉस्कोचाही आहे, इथे समाजहिताचे कायदेही होत आहेत. कलावंताने थोडा निकोप आशावाद दाखवावा.

आंद्रेओत्ती काही मूर्ख माणूस नव्हते. युद्धानंतर हॉलिवूडच्या पुरात इटालियन चित्रपट वाहून जाऊ नये म्हणून १९४९ चा संरक्षक कायदा त्यांनीच आणला होता. देश पायावर उभा राहतोय, परदेशातून मदत आणि पर्यटक यायला हवेत, अशा वेळी घरची दैन्यावस्था चव्हाट्यावर का मांडायची, ही त्यांची तक्रार. आपल्याकडेही अशा तक्रारी अधूनमधून ऐकू येतात. गंमत बघा. उंबेर्तो जे तळहाताने करत होता तेच मंत्रिमहोदय देशाच्या वतीने करत होते. हात पालथा करा, पाऊस बघतोय म्हणा.

दोन बॉस्कोचं नाव त्या पत्रात यावं, हे आपल्यासारख्या ख्रिस्ती महाविद्यालयातल्या वाचकांना विशेष विचारात पाडणारं आहे. रस्त्यावरच्या बेवारस पोरांना जवळ करणारे ते संत. ‘शुशा’ची पोरं त्यांच्या अंगणात आली असती, तर त्यांनी आधी काय केलं असतं? देशाची अब्रू जपली असती, की दार उघडलं असतं?

मुंबई, जानेवारी १९५२

‘उंबेर्तो दी’ इटलीत प्रदर्शित झाला तो १९५२ चा जानेवारी. त्याच महिन्यात मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. आज गोव्यात दर वर्षी भरणाऱ्या ‘इफ्फी’चा तो जन्म. त्यात दे सिकाचे ‘बायसिकल थीव्ह्ज’ आणि ‘मिरॅकल इन मिलान’ दाखवले गेले. पाहणाऱ्यांत बिमल रॉय आणि त्यांचे सहकारी होते. पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ आला. शंभू कलकत्त्यात रिक्षा ओढतो, त्याचा मुलगा कन्हैया बूटपॉलिश करतो. दे सिकाचे दोन्ही चित्रपट त्यात डोकावतात, पण जमीन आणि सावकार अस्सल इथले.

त्याआधी, १९५० साली, सत्यजित राय जाहिरात कंपनीच्या कामासाठी काही महिने लंडनला गेले होते. तिथे त्यांनी सुमारे शंभर चित्रपट पाहिले, पण मनात घर केलं ‘बायसिकल थीव्ह्ज’ने. ‘पथेर पांचाली’ काढायचाच तर असाच काढायचा, खऱ्या जागी, अनोळखी चेहऱ्यांना घेऊन, हे त्यांचं तिथेच ठरलं. १९५२ सालीच ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने समीक्षकांचा कौल घेतला तेव्हा ‘बायसिकल थीव्ह्ज’ जगातला सर्वोत्तम चित्रपट ठरला. घरी मंत्र्याची कानउघाडणी आणि जगात पहिला नंबर, एकाच वर्षात.

पुढची वीस-बावीस वर्षं

यानंतरचा दे सिका पुष्कळांना खटकतो. पैशांची चणचण होतीच. त्याला जुगाराचा नाद होता, दोन संसार सांभाळायचे होते. तो मिळेल त्या चित्रपटात काम करू लागला. ‘पाने, आमोरे ए फांताझिया’मधला रंगेल पोलीस अधिकारी लोकांनी डोक्यावर घेतला. सोफिया लॉरेनला घेऊन त्याने १९६० मध्ये ‘ला चोचारा’ केला. युद्धात मुलीला घेऊन पळणाऱ्या आईची ती गोष्ट. त्या भूमिकेसाठी लॉरेनला सर्वोत्तम अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. इंग्रजी नसलेल्या भूमिकेला अभिनयाचं ऑस्कर मिळण्याची ती पहिलीच वेळ. ‘काल, आज आणि उद्या’ अशा अर्थाच्या नावाच्या १९६३ च्या चित्रपटालाही ऑस्कर मिळालं. पण यांतले बरेच चित्रपट करमणुकीचे होते, हे खरं.

तरी जुना धागा सुटला नव्हता. १९५४ च्या ‘लोरो दि नापोली’त त्याने स्वतः एका काउंटचं काम केलंय. बायकोने पैसे काढून घेतलेला हा जुगारी उमराव इमारतीच्या रखवालदाराच्या लहान मुलाबरोबर पत्ते खेळतो, आणि दर डाव हरतो. पोराला तर खेळायचीही इच्छा नाही. दे सिका इथे स्वतःच्याच व्यसनाला हसतोय, आणि समोर पुन्हा एक मूल बसून पाहतंय. १९५९ मध्ये रोस्सेल्लिनीच्या ‘जनरल देल्ला रोव्हेरे’त तो एक लफंगा जुगारी झाला. जर्मन त्याला शूर सेनापतीचं सोंग घ्यायला लावतात, आणि सोंग वठवता वठवता तो खरोखरच त्या सेनापतीच्या मरणाला सामोरा जातो. अब्रू उसनी घेतलेली, पण फेडताना अस्सल.

१९७० मध्ये त्याने ‘फिंत्सी-कोंतिनी कुटुंबाची बाग’ केला. फेर्रारा शहरातलं एक श्रीमंत ज्यू कुटुंब, १९३८ चे वंशवादी कायदे, आणि उंच भिंतीआड टेनिस खेळत राहिलेली तरुण मुलं. या चित्रपटाने बर्लिनचं सुवर्ण अस्वल आणि दे सिकाला चौथं ऑस्कर मिळवून दिलं. १३ नोव्हेंबर १९७४ रोजी पॅरिसजवळ त्याचं निधन झालं.

त्या मुलाला कोणी रडवलं?

त्याच वर्षी एत्तोरे स्कोलाचा ‘चेराव्हामो तांतो आमाती’ हा चित्रपट आला. तो दे सिकालाच अर्पण केलेला आहे. त्यात दे सिका क्षणभर दिसतो आणि एक आठवण सांगतो. शेवटच्या दृश्यात ब्रुनोला रडू येत नव्हतं. तेव्हा दे सिकाने त्याच्या खिशात सिगारेटची थोटकं टाकली आणि सगळ्यांसमोर त्याच्यावर आळ घेतला, हा थोटकं गोळा करणारा पोरगा. मुलगा लाजेने रडला आणि दृश्य मिळालं.

म्हणजे लाजेवरचं जगातलं सर्वांत मोठं दृश्य एका खऱ्या मुलाला खरोखर लाजवून मिळवलेलं आहे. हे कळल्यावर चित्रपट कमी मोठा होतो का? मला वाटतं, नाही. पण आपण प्रेक्षक म्हणून थोडे कमी निर्धास्त होतो, आणि ते बरंच आहे. दुसऱ्याची मूठ उघडून दाखवणाऱ्या प्रत्येक कलावंताला, आणि ती पाहायला बसलेल्या आपल्यालाही, कोणीतरी लहान मूल पाहत असतं.

दे सिका नव्याने पाहणाऱ्यांनी ‘बायसिकल थीव्ह्ज’ आधी पाहावा आणि ‘उंबेर्तो दी’ शेवटी. त्यातलं पहाटेच्या स्वयंपाकघराचं दृश्य चुकवू नये. मारिया उठते, कॉफी दळते, पाय लांब करून दार लोटते, पोटाकडे पाहते. काहीच घडत नाही, आणि एका मुलीच्या आयुष्यात सगळं घडून गेलेलं असतं. ते कोणाला सांगायची तिची हिंमत नाही. तिनेही मूठ झाकलेलीच आहे.